पायाळू पाय आणि संध्याकाळची गोळी

आधीच सांगून ठेवते, भूतबाधा, करणी, उतारे यातलं काहीही मी मानत नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी करमणूक म्हणून वाचते, आणि निम्म्या लोकांना मनातल्या मनात "बाई, झोपेत असशील" असं उत्तर देऊन मोकळी होते. तरी आज स्वतःच लिहायला बसलेय, आणि मला त्याचा काडीचाही आनंद नाही. उलट चीड येतेय. दोन वर्षं माझा जीव नको करून सोडलेल्या त्रासाला शेवटी एकदाचं सरळ, पुस्तकातलं, डॉक्टरी उत्तर मिळालं... आणि त्या उत्तराला नेमकं एक शेपूट उरलं. ते शेपूट कुठंच बसत नाही.

आम्ही राहतो संभाजीनगरला, पडेगावात. दौलताबादच्या रस्त्यापासून थोडं आत, दोन खोल्या आणि पुढं एक पत्र्याची पडवी. पडवीत माझी शिलाई मशीन. ब्लाउज, अस्तर, फॉल-पिको, सगळं करते. आमचे हे वाळूजला एका कंपनीत शिफ्टला जातात. मुलगी ऋतुजा बीएस्सी करते. आणि सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. माझं माहेर पिशोर, कन्नड तालुका. ही सगळी माहिती देतेय कारण इथं लोक लगेच विचारतात, "नक्की कुठं घडलं?" तर इथं घडलं. घरात.

आता मुख्य गोष्ट. मी पायाळू आहे. शहरातल्या नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगते, जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. आमच्याकडं असं समजतात की कमरेत उसण भरली की पायाळू माणसानं तिथं पाय लावायचा, म्हणजे उसण उतरते. माणूस पालथा झोपतो, मी डाव्या पायाची टाच तीनदा कमरेला टेकवते, तोंडानं काही बोलायचं नाही, संपलं. लहानपणी पिशोरला दर बाजाराच्या दिवशी कुणी ना कुणी कण्हत दारात उभं असायचं आणि आई मला खेळातून ओढून आणायची. मला खेळ मोडल्याचा राग यायचा, बाकी काही वाटायचं नाही.

लग्न झाल्यावर इथं पण तेच. मी काही स्वतःहून पाटी लावली नव्हती. आत्याबाईंनीच सगळ्या गल्लीत सांगून ठेवलं, "आमची सून पायाळू हाय. लई गुण येतो." आले लोक की मी लावायचे पाय. आपल्याकडं कुणाला पाय लागला तरी आपण पटकन नमस्कार करतो, आणि इथं तर मी थोरामोठ्यांच्या पाठीवर टाच ठेवणार... म्हणून झालं की त्यांच्या पाया पडायचं, असा माझा नियम. गुण यायचा म्हणे. उसण तशीही काही दिवसांत जातेच, असं मी म्हणायचे, पण मोठ्यानं नाही.

आणि गंमत बघा, सगळ्या पडेगावाला माझा पाय वाटणाऱ्या आत्याबाईंनी स्वतः कधी लावून घेतला नाही. एकदा त्यांचीच कंबर धरली होती, तेव्हा मी विचारलं. तर म्हणाल्या, "सुनंदा, जग उलटं झालं तरी सुनेचा पाय मी अंगाला लावून घेणार नाय." मी म्हटलं, ठीक आहे. मला कुठं हौस होती.

हे सगळं असंच चाललं असतं. पण ह्यांनी एका दिवाळीला माझ्या पायमशीनला मोटर बसवून आणली. "किती वर्षं पाय हाणणारेस, झिजून जातील," असं म्हणून. मला पण बरं वाटलं. बटण दाबलं की मशीन पळते, पाय आपले जागच्या जागी.

आणि मग ते सुरू झालं.

कसं सांगू... दोन वर्षं मला हेच सांगता आलं नाही, तेच तर दुखणं. दुखत नव्हतं. मुंग्या नव्हत्या. गोळे येत नव्हते. दिवस मावळला, मी जरा टेकले, की पोटऱ्यांच्या आत, हाडाच्या अगदी जवळ, काहीतरी वळवळायला लागायचं. आतून कुणी दोरा ओढतंय, ढिला सोडतंय, परत ओढतंय. पाय हलवला की थांबायचं. थांबवला की सुरू. उठून चार चकरा मारल्या की गायब, अंथरुणाला पाठ लावली की हजर. मग काय, मी घरभर फिरायचे. सगळे झोपलेले, आणि मी पडवी ते मोरी, मोरी ते पडवी. पहाटे कधीतरी डोळा लागायचा, तोवर पाण्याची मोटर लावायची वेळ झालेली.

सकाळी पाय एकदम शहाणे. जसं काही घडलंच नाही.

झोप नाही म्हणजे काय होतं ते ज्याचं त्यालाच कळतं. मी चिडकी झाले. गिऱ्हाइकाशी भांडले. एका नवरीच्या शालूच्या ब्लाउजपीसची बाही उलटी कापून ठेवली, आणि तो कपडा बाजारात परत मिळेना. दुपारी मशीनवर डुलकी लागून सुई बोटातून गेली. माझं काम म्हणजे माझे डोळे आणि हात, आणि दोन्ही झोपेवाचून निकामी व्हायला लागले होते. मला दुसरं काही नको होतं. फक्त एक रात्र, सलग.

घरात सांगितलं तर ह्यांचं एकच, "डोक्यात विचार आणू नको." अहो, डोक्यात नाही, पोटरीत आहे. ऋतुजा म्हणाली, "आई, स्क्रीन टाइम कमी कर." माझा स्क्रीन टाइम. म्हणजे काय बोलावं.

आत्याबाईंचं तर निदान तयारच होतं. "लोकांच्या उसणी वढून घेती ना तू. त्या कुठं जातील? पायातच साचल्यात." मग त्यांनी दोन्ही घोट्यांना काळा दोरा बांधला. मग मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मग हर्सूलकडं कुणीतरी जाणता माणूस आहे म्हणून तिकडं चल म्हणाल्या. मी गेले नाही. तेव्हापासून त्यांनी पवित्रा बदलला. संध्याकाळी मी चकरा मारायला लागले की खाटेवरून आवाज यायचा, "झाली सुरू हिची नाटकं." दोन वर्षं. रोज. ते "नाटकं" ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पायांपेक्षा त्याचाच त्रास जास्त, खरं सांगते.

माहेरी गेले तर भावाची वेगळीच तऱ्हा. पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं असंही म्हणतात ना. त्याला बोअर घ्यायची होती. मी पायांचं रडगाणं सांगितलं तर त्याचे डोळेच चमकले. "ताई, पाय वळवळत्यात म्हणजे खालचं पाणी वढतंय तुला." दिवस मावळायला मला शेतात नेलं, हातात नारळ दिला, आणि "इथं थांब... वळवळतंय का? व्हय? मग इथं थांब." जिथं थांबवलं तिथं पाय वळवळले. थांबलं की वळवळणारच ना रे बाबा, आजारच तो आहे. तो आपला दर खुणेला दगड ठेवत सुटला. त्याच्या हिशेबानं अख्ख्या पिशोरखाली समुद्र होता. मी नारळ त्याच्या हातात देऊन घरी आले आणि वहिनीला म्हटलं, चहा टाक.

डॉक्टर म्हणाल तर तेही झाले. गल्लीतल्या डॉक्टरनं कॅल्शियम दिलं. दुसऱ्यानं शिरांची सोनोग्राफी करायला लावली, नॉर्मल. तिसऱ्यानं एक्स-रे, नॉर्मल. एकजण म्हणाले, "वय झालं की बायकांना असं होतं." मी विचारलं, "असं म्हणजे कसं?" तर म्हणाले, "असंच." प्रत्येकाचा तोच प्रश्न, "दुखतं का?" आणि मी "नाही" म्हटलं की त्यांचा पेन बंद. दुखत असतं तर बरं झालं असतं, निदान कुणी लिहून तरी घेतलं असतं.

आता ते शेपूट, ज्यासाठी हे सगळं लिहितेय.

याच काळात उसणीचे लोक येणं चालूच होतं. आणि माझ्या एक लक्षात आलं. पूर्वी मी पाय लावायचे तेव्हा मला काहीच जाणवायचं नाही. आता दिवेलागणीला कुणी आलं, वळवळ जोरात असताना मी त्याच्या कमरेला टाच टेकवली, की तिसऱ्या वेळेला माझा पाय एकदम गप्प व्हायचा. दोन्ही पाय. चालू नळ बंद करावा तसे. आणि त्याच वेळेला खालचं माणूस "हं..." असा श्वास सोडून उठून बसायचं. दोन दिवसांनी नाही, तिथल्या तिथं. त्या रात्री मी झोपायचे. मेल्यासारखी, सकाळपर्यंत.

पहिल्यांदा मी म्हटलं योगायोग. दुसऱ्यांदाही तेच म्हटलं. मग मात्र मी कुणाला उसण भरतेय का याची वाट बघायला लागले, इतकी वाईट अवस्था. मागच्या गल्लीतल्या नसरीन भाभी गॅस सिलेंडर हलवताना कमरेत अडकल्या आणि त्यांना दोन जणींनी धरून आणलं, तेव्हा मला त्यांची दया यायच्या आधी आनंद झाला. त्या उठून चालत गेल्या घरी. जाताना म्हणाल्या, "बाजी, तुमारे पाँव में क्या हय पता नई, पन हय कुछ तो." मी हसले. आणि झोपले.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. ह्यांना नाही, ऋतुजाला नाही, आत्याबाईंना तर नाहीच नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी दारात रांग लागली असती.

निदान कसं झालं ते ऐका. ह्यांच्या मानेचं दुखणं होतं, त्यासाठी मेंदू-नसांच्या डॉक्टरीणबाईंकडं आम्ही संध्याकाळच्या ओपीडीला गेलो होतो. तिथं ही गर्दी. सगळे खुर्च्यांवर बसलेले आणि मी आपली वॉटर कूलर ते जिना, जिना ते वॉटर कूलर. कंपाउंडर दोनदा म्हणाला, "मॅडम, बसा ना." आमचा नंबर आला, आत गेलो, तर डॉक्टरीणबाई ह्यांच्याकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघून म्हणाल्या, "दार उघडलं की तुम्ही फिरतानाच दिसताय. बसवत नाही का?"

मी म्हटलं, "नाही. पण पेशंट हे आहेत."

"बसलं की पायात काहीतरी होतं?"

"हो."

"चाललं की थांबतं?"

"हो."

"संध्याकाळनंतर वाढतं, सकाळी काही नसतं?"

मी तिथंच रडायला लागले. हे गोंधळून गेले, मानेला पट्टा लावलेले, धड वळून बघताही येईना त्यांना. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी "दुखतं का" असं न विचारता बरोबर तेच विचारत होतं.

आजाराचं नाव सांगितलं, रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम. मी ऋतुजाला फोनवर विचारलं, म्हणजे काय गं? ती म्हणाली, "अस्वस्थ पाय." घ्या. दोन वर्षं मी घसा कोरडा करून तेच तर सांगत होते की माझे पाय स्वस्थ बसत नाहीत. इंग्रजीत सांगायला हवं होतं म्हणजे.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट विचारलं. आधी कधी झालं होतं का? मला आठवलं, ऋतुजाच्या वेळी शेवटच्या महिन्यांत असंच व्हायचं, तेव्हा सगळे म्हणाले, पोटुशी बाईला होतंच. त्या म्हणाल्या, गरोदरपणात हा त्रास पुष्कळ जणींना होतो. मग काम काय करता? शिलाई. मशीन पायाची? आता मोटर आहे, आधी पायाची होती. संध्याकाळी चालवायचात? झोपेपर्यंत, म्हटलं. तर त्या हसल्या. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही रोज संध्याकाळी पाय हलवून त्याला दाबून ठेवत होतात. मोटर आली आणि पाय मोकळे झाले." ह्यांचा चेहरा असा पडला की मलाच त्यांची कीव आली. बिचाऱ्यांनी प्रेमानं मोटर आणली होती.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन बरं होतं, म्हणून आजवर कुणी पुढं बघितलंच नव्हतं. पण अंगातला लोहाचा साठा, फेरिटिन म्हणतात त्याला, तो तळाला गेलेला. लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि रोज संध्याकाळी घ्यायची एक इवलीशी गोळी. तिसऱ्या दिवशी मी झोपले. कुणाच्याही कमरेला पाय न लावता. सकाळी उठले तेव्हा उन्हं पडवीत आली होती आणि आत्याबाईंनी स्वतः चहा केला होता. "मेली का जिती हाय बघायला आले व्हते दोनदा," म्हणाल्या.

इथं गोष्ट संपायला हवी होती. मी किती खूश होते सांगू. हात परत चालायला लागले. त्या नवरीच्या आईनं, जिची बाही मी बिघडवली होती, तिनंच धाकटीच्या लग्नाचे सगळे ब्लाउज माझ्याकडं टाकले.

आणि मग एक दिवस नसरीन भाभी परत आल्या, परत कंबर. मी टाच टेकवली. एकदा, दोनदा, तीनदा. त्या तशाच पडून राहिल्या. "आज कुछ नई हुआ बाजी," म्हणाल्या, आणि जशा आल्या तशाच दोन जणींच्या खांद्यांवर हात टाकून परत गेल्या. त्यानंतर एक रिक्षावाले काका आले, काही नाही. एक माझी जुनी गिऱ्हाईक, काही नाही. माझ्या गोळीचं यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. ते त्याच विश्वासानं आले होते, त्याच खाटेवर झोपले होते. म्हणजे "मनाचा खेळ" म्हणावं तर मन तेच होतं. बदलला होता फक्त माझा पाय. तो आता शांत होता, आणि शांत पायाला काही येत नव्हतं.

मी स्वतःला म्हटलं, बरं झालं, कटकट गेली. झोप पाहिजे होती, मिळाली. लोकांना डॉक्टर आहेत.

मग उन्हाळा आला. कुरडयांच्या चिकाचं पातेलं एकटीनं उचलायला गेल्या आत्याबाई, आणि "आई गं" म्हणून तिथंच बसल्या.

अशी उसण मी बघितली नव्हती. एक्स-रेत काही नाही. डॉक्टर म्हणाले, स्नायू आखडलाय, झोपून राहा, वेळ लागेल. दुखण्याच्या गोळ्यांनी त्यांच्या पोटात आग पडायला लागली म्हणून त्याही बंद झाल्या. कुशीवर वळताना ओरडायच्या. मोरीत न्यायला मला आणि ऋतुजाला दोन्हीकडून धरावं लागायचं. ज्या बाईनं आयुष्यात कुणाकडं पाण्याचा तांब्या मागितला नाही, तिला मी बसवते, उठवते, धुते. एकदा मी मोरीचं दार ओढून बाहेर उभी होते आणि आत त्या रडत होत्या. आवाज होऊ नये म्हणून पदर तोंडात धरून. मला तो आवाज सहन होईना.

हे म्हणाले, "आई, सुनंदाचा पाय लावून घे ना." तर भिंतीकडं तोंड केलं त्यांनी.

आणि मग एका दुपारी, घरात आम्ही दोघीच. मी काजं करत बसले होते. भिंतीकडं बघतच त्या म्हणाल्या, "सुनंदा. लाव तुझा पाय."

मी उठले. मला माहीत होतं, काही होणार नाही. तरी लावला. एकदा, दोनदा, तीनदा. काही नाही. मी त्यांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "तुझ्या दुखण्याला नाटकं म्हणले मी. म्हणून नसंल लागला मला."

"तसं काही नसतं हो, आत्याबाई," मी म्हटलं. आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली उगाचच. इतका राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. दोन वर्षं मी हेच वाक्य ऐकायला तरसले होते, आणि ऐकलं तर असं, भिंतीकडं तोंड करून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गोळी घेतली नाही.

माझं बघून कुणी असलं काही करू नका. डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करणं हा मूर्खपणा आहे आणि मी तो केला. कुणाला बोलले नाही. दिवेलागण झाली, आणि आलं. जुना ओळखीचा पाहुणा यावा तसं, बरोबर तिथंच, पोटरीच्या आत. मी मशीनवर बसले, उठले. भाकऱ्या उभ्यानं केल्या, एका पायावरून दुसऱ्या पायावर. पडवीत चकरा मारल्या. जेवणं झाली, ऋतुजा अभ्यासाला बसली, हे शिफ्टला गेले होते. आता पाय असे ओढत होते की उभं राहणंही कठीण. मी आत्याबाईंच्या खाटेपाशी गेले.

"परत एकदा लावू?"

पालथं व्हायला आधार म्हणून त्यांनी हात पुढं केला.

एकदा. वळवळ चालूच. दोनदा. चालूच. तिसऱ्यांदा टाच टेकवली, आणि पाय गप्प. दोन्ही. आणि खालून तोच श्वास, "हं...". मी टाच उचलायची विसरले. त्यांच्या पाठीचा आखडलेला भाग माझ्या टाचेखाली सैल होत गेला, पीठ सैल होतं तसा. हे मला जाणवलं. माझ्या स्वतःच्या टाचेला.

मी पाया पडले. त्या कुशीवर वळल्या, ओरडल्या नाहीत. मग खाटेची पाटी धरून उठल्या, मला "बाजूला सर" म्हणाल्या, आणि भिंतीला धरत एकट्या मोरीत गेल्या. दार लावून घेतलं. मी खाटेवर बसले. रडावं की हसावं कळेना, आणि पाय... पाय अगदी शांत.

मोरीतून आल्या त्या सरळ खाटेकडं नाही आल्या. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला. आल्या तेव्हा एका हातात पाण्याचा पेला आणि दुसऱ्या हातात माझ्या गोळ्यांचं पाकीट.

"आज गोळी खाल्ली नाय तू," म्हणाल्या.

मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"दिवस मावळल्यापासून चकरा मारतीस. मला दिसत नाय व्हय?"

दोन वर्षं त्यांना त्या चकरा नाटकं दिसत होत्या. मी पेला घेतला आणि गोळी गिळली.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. आधी गोळी चुकवल्याबद्दल त्या रागावल्या. मग म्हणाल्या, दाब दिला, लक्ष दुसरीकडं गेलं, की या आजारात पाय थांबू शकतात, आणि सासूबाईंची उसण उतरायला आलेलीच असणार. असेल. मला तेच हवंय, खरंच. पण मग आदल्या दुपारी का नाही उतरली? नसरीन भाभींची का नाही? गोळीवर असताना पाय लागत नाही हे मी जगात कुणालाच सांगितलं नव्हतं, मग आत्याबाईंच्या कमरेला ते कसं कळलं? यावर त्यांनी पुढची तारीख लिहून दिली. आणि मी, जी इथं लोकांना मनातल्या मनात "झोपेत असशील" म्हणायची, मला तर तेही म्हणता येत नाही. त्या संध्याकाळी घरात सगळ्यात जागी मीच होते. काय घडलं ते मला आजही सांगता येत नाही, आणि याची मला चीड येते.

त्या संध्याकाळनंतर मला भीती वाटली होती की आता आत्याबाई गावभर सांगतील आणि रोज संध्याकाळी दारात रांग. कारण गोळी चुकवली की पाय लागतो, हे त्यांनी तर बरोबर ताडलेलं.

परवा एक बाई आली, कमरेत वाकलेली, लांबून आली होती. आत्याबाई पडवीच्या पायरीवर मिसरी लावत बसल्या होत्या. मी आतून ऐकत होते.

"पायाळू बाई इथंच ऱ्हातात ना?"

"ऱ्हातात," आत्याबाई म्हणाल्या. "पण आता पाय लावत नायत. तिला झोप लागती आता. दवाखाना चौकात हाय, ये तुला रिक्षा दाखवते."

आणि कंबर धरत उठून त्या तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेल्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, "खाल्ली का गोळी?"

मी म्हटलं, खाल्ली.